पुढे वाकलं की बरं वाटतं

"या आधी कधी पोटात जोरात दुखलं होतं? वरच्या बाजूला, थेट पाठीत जाणारं?"

"नाही."

"नीट आठवून सांगा. घाम सुटणं, उलट्या? आडवं पडलं की जास्त, आणि उठून असं पुढे वाकलं की जरा बरं?"

डॉ. हुपरीकरांनी खुर्चीतल्या खुर्चीत वाकून दाखवलं. दोन्ही हात पोटाशी घट्ट धरलेले, कपाळ टेबलाला टेकायला आलेलं.

"नाही हो," अक्का म्हणाल्या. "झालं असतं तर आठवलं नसतं का?"

मी शेजारीच बसले होते. माझ्या मांडीवरचं सीटी स्कॅनचं पाकीट घसरून खाली पडलं. ते उचलायला वाकले आणि क्षणभर तशीच राहिले, कारण वर मान करून अक्कांच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंद, शुभदा शिरोळकर. इचलकरंजीत मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या आणि बाकी सगळा जन्म त्यांनी कीर्तनाला दिलेला. लग्न केलं नाही. "एकदा गळ्यात हार पडला की दुसरा कशाला?" म्हणायच्या. मी लग्न होऊन घरात आले ती पेटी शिकून आलेली, एवढ्या एका गोष्टीवर आमचं जमलं. सासूबाई म्हणायच्या, नवऱ्यासाठी सून आणली आणि लेकीनं पळवली. खरंच होतं ते. यांच्याबरोबर मी जेवढे प्रवास केले नसतील तेवढे अक्कांबरोबर केले. पेटी मांडीवर, तबल्याची पिशवी पायाशी आणि एस.टी.च्या खिडकीत अक्का, ओठातल्या ओठात निरूपण घोळवत.

गणपतीपासून त्यांना जेवण जाईना. दोन घास खाल्ले की पोट गच्च. आम्ही जिरे-ओवा केला, लिंबू-सोडा केला, शेवटी सोनोग्राफी केली. सोनोग्राफीवाल्या बाईंनी यंत्र फिरवता फिरवता हात थांबवला आणि मग परत परत एकाच जागेवर फिरवायला लागल्या. त्या थांबलेल्या हातानंच माझं अर्धं अवसान गेलं. तिथून सीटी स्कॅन आणि तिथून कोल्हापूर.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "हे स्वादुपिंड. पॅनक्रियाज म्हणतो आपण. जठराच्या मागं असं आडवं झोपलेलं असतं."

"म्हणजे शेषशायीच की," अक्का म्हणाल्या.

डॉक्टर हसले. माझे मिस्टर मागं उभे होते. ते मात्र हसले नाहीत. "आणि ते पांढरं गोल?"

"ती गाठ. पाण्यानं भरलेली. मोठ्या मोसंब्याएवढी झालीय, म्हणून जठर दाबलं जातंय नि जेवण जात नाही. घाबरू नका, स्वादुपिंडातली प्रत्येक गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण या गाठींच्या जाती असतात. काही नुसत्या पाण्याच्या, आयुष्यभर राहिल्या तरी काही करत नाहीत. काहींच्या आत चिकट बुळबुळीत द्रव असतो. त्या आज साध्या दिसतात, पण पुढे बिघडू शकतात, कॅन्सरकडे जाऊ शकतात. आणि तिसरी खरं तर गाठच नव्हे. स्वादुपिंडाला मोठी सूज येऊन जाते, त्यानंतर तिथं पाण्याचं डबकं साचून राहतं."

"यांची कुठली?" यांनी विचारलं.

"तेच तर ठरवायचंय. यांच्या पित्ताशयात बारीक खडे आहेत. एखादा खडा घसरून नळीत अडकला की स्वादुपिंड सुजतं. म्हणून परत परत विचारतोय, तसं दुखणं येऊन गेलं असेल तर ते डबकं असू शकतं. ते आतल्या आत जठरात उघडून देता येतं, कापाकापी लागत नाही. पण ताई म्हणतात, दुखलंच नाही. मग या वयाच्या बाईच्या स्वादुपिंडाच्या शेपटीकडे एवढी गाठ म्हणजे मला दुसरी जात धरावी लागते. ती ठेवून चालत नाही. शेपटी काढायची आणि तिला चिकटलेली प्लीहा, म्हणजे पानथरीही."

"सुई घालून बघता येत नाही?" यांनी कुठं तरी वाचलं असावं.

"येतं. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते, ती जठरात नेऊन सुईनं पाणी काढता येतं. पण गाठ काढायचीच असेल तर टोचून काय मिळवायचं? शेवटचं विचारतो, ताई. गेल्या वर्षभरात?"

अक्कांनी पदर सारखा केला. "नाही."

प्लीहा गेली की जंतूंची बाधा लवकर होते, त्यामुळे आधी काही लसी द्याव्या लागतात, म्हणून ऑपरेशन पंधरवड्यानंतरचं ठरलं. नर्सनं दोन्ही दंडांवर सुया दिल्या. अक्का तिला म्हणाल्या, "बाळ, माझ्या वयात पोलिओ कशाला गं?" ती पोर खुदकन हसली. मला हसू येईना.

हे औषधं आणायला गेले तसं मी अक्कांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

"अक्का, वैशाखात ते…"

"काय वैशाखात?"

"वारणेकाठच्या देवळात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं हजार माणसांपुढं उभी राहिलेली बाई, नजर कुठं ठेवायची ते तिला पक्कं ठाऊक. "वैजू," त्या म्हणाल्या, "तिथं जे झालं ते तिथं. दवाखान्यात त्याचा विषय नको."

आता ते काय झालं होतं ते सांगायला हवं.

वारणेकाठी एका गावात लक्ष्मीनृसिंहाचं देऊळ आहे. वैशाखातल्या उत्सवात दुपारचं कीर्तन अक्कांचं. त्या वर्षी पूर्वरंगात निरूपण झालं आणि उत्तररंगाला त्यांनी मगरीनं पाय धरलेल्या हत्तीची कथा लावली. हत्ती हाका मारतो तिथं आल्या आणि त्यांचा आवाज एकदम चिरकला. अक्कांचा आवाज कधी चिरकत नसे. मी पेटीवरून वर पाहिलं. चेहरा घामानं निथळत होता, ओठ पांढरे. दोन्ही हात पोटाशी गेले आणि त्या हळूहळू पुढे वाकत गुडघ्यांवर आल्या. कपाळ जवळजवळ जमिनीला लागलं. आणि त्या अवस्थेत, वाकलेल्याच, त्यांनी देवाचं नाव घेतलं. एकदा नव्हे, परत परत. सुरात नव्हतं ते. ती निव्वळ हाक होती. मग बायकांच्या बाजूनं हुंदका आला आणि बघता बघता सगळा मंडप रडायला लागला. विश्वस्त बापूसाहेब चौगुले, कुणापुढं पागोटं न काढणारा माणूस, ते पागोटं हातात घेऊन उभे राहिले. अक्कांनी तशीच वाकून कथा संपवली, तशाच आरतीला उभ्या राहिल्या. गादीवर उभं राहिलं की आरती झाल्याशिवाय खाली उतरायचं नाही, हा त्यांचा नेम.

नंतर देवळाच्या ओवरीत आम्हाला दिलेल्या खोलीत त्या शिरल्या आणि म्हणाल्या, "दार लाव. कुणाला आत सोडू नको." तीन-चार दिवस त्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. अन्न नाही, फक्त पाणी. बोलणं नाही. न्हाणीत गेल्या की नळ मोठा सोडून ठेवायच्या. मी उंबऱ्यावर बसून राहायचे. गावातल्या बायका यायच्या, उंबऱ्याला हळदकुंकू लावायच्या, हळू आवाजात विचारायच्या, "अजून समाधीतच?" मी मान हलवायची. माझ्या अंगावर काटा असायचा. लहानपणापासून कीर्तनं ऐकतेय, भक्ताला देव भेटतो म्हणून ऐकतेय. तो माझ्यासमोर, माझ्या पेटीच्या सुरावर भेटला होता. मी जन्माची धन्य झाले होते. घरी परत आल्यावर रोज दिवा लावला की मी अक्कांच्या पाया पडायला लागले. आधी सणावारी पडत असे, ते रोजचं झालं.

आणि आता कोल्हापुरात एक डॉक्टर खुर्चीत वाकून दाखवत होता, नेमकं तसंच.

तो पंधरवडा कसा गेला ते देवालाच ठाऊक. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. हे रक्तासाठी माणसं जमवत होते, विम्याच्या कचेरीत खेपा घालत होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. वैशाखात आमच्याबरोबर ते नव्हतेच. अक्का मात्र शाळेत जाऊन सगळ्या मुलींना भेटून आल्या, झांजा पुसून कापडात बांधून ठेवल्या, कपाट आवरलं. मी पोळ्या लाटताना मनाशी दोन्ही बाजू मांडायची. डॉक्टर म्हणाले ते दुखणं, तेच असेल तर? आणि नसेल तर? खरोखर देवच आला असेल आणि मी जाऊन त्याला पोटदुखी म्हणून सांगितलं तर? जीभ झडेल माझी. पण देवच आला असेल तर तो एवढी गाठ ठेवून जाईल? एकदा पोळी करपली, तरी मी तशीच उभी.

एकदा मी आडून विचारलं. "अक्का, न्हाणीत नळ का सोडायचात तुम्ही?"

"उकाडा होता."

"उलट्या होत होत्या?"

"तुझी पोळी जळतेय, वैजयंते."

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि सवयीनं त्यांच्या पायाशी वाकले. अक्कांनी पाय झटकन मागं घेतले. एवढ्या जोरात, की मी पडता पडता राहिले.

"नको," त्या म्हणाल्या. "पुरे झालं आता. नको पडू पाया."

"का?"

"कारण मला दुखत होतं." त्या खाली बसल्या, माझ्यासमोर, फरशीवर. "पोटात सुरी फिरवल्यासारखं. पूर्वरंगापासून. उभं राहता येईना म्हणून वाकले. वाकल्यावर जरा बरं वाटलं म्हणून तशीच राहिले. देव नव्हता तिथं, वैजू. पोटदुखी होती."

मी निरांजनाची वात सारखी केली.

"दुसऱ्या दिवशी सांगणार होते. दार उघडलं तर तू उंबऱ्यावर बसलेलीस. तुझा चेहरा… तसा चेहरा मी कधी कुणाचा पाहिला नाही. आणि मला काय वाटलं सांगू? तीस वर्षं देवाचं वर्णन करतेय. लोकांना रडवते, हसवते. मला स्वतःला कधी काही झालेलं नाही. एकदाही नाही. कोरडी ठणठणीत. आणि एका दुपारी सगळं गाव म्हणायला लागलं की हिला भेटला. मला वाटलं, असू दे. खोटं तर खोटं, एकदा तरी माझ्या पदरात पडलं."

"म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही?"

"देवाच्या नावावर खोटं पदरात घेतलं. आता देव कापून घेतोय. घेऊ दे."

तेव्हा मला राग आला. आयुष्यात अक्कांवर मी एकदाच रागावले, ती तेव्हा. "देवाला तुमचं स्वादुपिंड काय करायचंय, अक्का? लोणचं घालणार आहे?"

त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "तू सांगणार नाहीस. शपथ आहे."

"कुणाची?"

त्यांना चटकन कुणाची शपथ घालावी ते सुचलं नाही. बहुधा देवाची घालायचा धीर झाला नसावा.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात सकाळची फेरी झाली. डॉ. हुपरीकर आले, मागं दोन शिकाऊ डॉक्टर, मागं नर्स. अक्का कॉटवर पाठीला उशी लावून बसलेल्या, दवाखान्याच्या हिरव्या अंगरख्यात, कुंकू मात्र ठसठशीत. डॉक्टरांनी नाडी पाहिली, "उद्या पहिला नंबर तुमचाच," म्हणाले आणि पुढच्या कॉटकडे वळले.

"डॉक्टर," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ओळखू येईना. मनात मी नृसिंहाला म्हणत होते, चुकत असेन तर माझ्यावर घे, अक्कांवर नको.

"यांना दुखलं होतं. वैशाखात. कीर्तनात उभ्या असताना. तुम्ही दाखवलंत तशाच वाकल्या होत्या. नंतर तीन-चार दिवस अन्न नाही. उलट्याही झाल्या असणार. मी तिथं होते."

"वैजू!"

"पोटात दुखलं होतं," मी परत म्हटलं. तेच शब्द दुसऱ्यांदा म्हणताना मात्र माझे डोळे भरून आले. एवढे दिवस जपलेलं काही तरी मी आपल्या हातानं जमिनीवर ठेवत होते आणि ते किती साधं दिसत होतं.

डॉक्टर परत फिरले. अक्कांच्या कॉटवर, पायाशी, सरळ बसले. "ताई, खरं?"

शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीनं कण्हायचं थांबवलं.

"हो," त्या म्हणाल्या.

"किती जोरात?"

"मेले तर बरं, असं वाटण्याइतकं."

"आणि कीर्तन थांबवलं नाही?"

"गादीवर होते."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "उद्या मी तुमचं अर्धं स्वादुपिंड आणि प्लीहा काढणार होतो, ताई. मी तुम्हाला चार वेळा विचारलं. चार वेळा!"

"चुकलं," अक्का म्हणाल्या. तीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून हा शब्द गादीवर अनेकदा ऐकला होता, देवापुढं म्हणताना. माणसापुढं तो पहिल्यांदा.

"आता सगळं उलटं झालं असं समजू नका," डॉक्टर उठत म्हणाले. "दुखलं म्हणजे डबकंच, असं शंभर टक्के नाही. दुसऱ्या जातीची गाठसुद्धा कधी कधी दुखवते. पण आता मी न बघता कापणार नाही. उद्या दुर्बीण. पाणी काढू आणि बघू."

"पाणी बघून कळतं?" मी विचारलं.

"थोडं दिसूनच कळतं, बाकीचं तपासणीत. वाईट जातीचं पाणी चिकट असतं. दोन बोटांत धरून ओढलं की तार सुटते. पाक करता ना तुम्ही? तसं. डबक्याचं पाणी पातळ असतं आणि त्यात स्वादुपिंडाचा पाचक रस उतरलेला सापडतो."

ती रात्र मी खुर्चीत काढली. हे मात्र बाहेरच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. त्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुम्ही दोघी मिळून मला वेडा करणार आहात."

सकाळी अक्कांना आत नेलं. दारावर लाल दिवा होता. मी त्या दिव्याकडे बघत नामस्मरण करायला बसले आणि मला काही केल्या नाम येईना. डोळे मिटले की साखरेचा पाक दिसायचा. एकतारी, दोनतारी. दिवाळीला लाडू करताना मी कितीदा बोटांत धरून ती तार बघितली असेल आणि तार सुटली की किती खूश झाले असेन. आता म्हणत होते, देवा, तुटू दे. तार सुटू देऊ नको.

दार उघडलं. दुर्बिणीच्या डॉक्टर मॅडम बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क खाली करत. हातात काचेची छोटी बाटली होती. आत तपकिरी पाणी.

"बघा," त्यांनी बाटली हलवली. पाणी डचमळलं, बाजूंना चिकटलं नाही. "बिनदुधाच्या चहासारखं. रिपोर्ट आल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. पण बोटांत धरून बघितलं. तार नाही."



रिपोर्ट दोन टप्प्यांत आले. संध्याकाळी पहिला, त्या पाण्यात पाचक रस भरपूर. उरलेल्या रिपोर्टसाठी आणखी काही दिवस थांबायचं होतं. ते दिवस त्या पंधरवड्याहून लांब वाटले, कारण आता आशा होती. शेवटी हुपरीकर स्वतः कागद घेऊन आले.

"कॅन्सरकडे जाणाऱ्या गाठीची खूण नाही, पेशीही स्वच्छ. डबकं आहे, ताई. तुमच्या कीर्तनाचं डबकं."

पुढे जठराच्या भिंतीतून एक छोटी नळी घालून ते पाणी जठरातच उतरवलं. बाहेर टाका नाही की पट्टी नाही. खडे होते ते पित्ताशय महिना-दोन महिन्यांनी काढलं, नाही तर तेच परत झालं असतं. नळी घातल्याच्या तिसऱ्या दिवशी अक्कांनी मऊ भात मागून घेतला, वर मेतकूट मागितलं, मग लिंबाचं लोणचं मागितलं. लोणचं नर्सनं दिलं नाही. अक्का तिला म्हणाल्या, "पोरी, तू देवापेक्षा कडक आहेस." हसल्याही, पण त्या हसण्यात पूर्वीचा जोर नव्हता.

रात्री त्यांनी विचारलं, "देव नव्हता ते ऐकून तुला फार लागलं का गं?"

मी खरं ते सांगितलं. "लागलं."

"हं," एवढंच म्हणून त्या कुशीवर वळल्या.

पुढच्या चैत्रात बापूसाहेब चौगुल्यांचा फोन आला. उत्सवाचं आमंत्रण. ते आनंदात होते. "ताई, तुम्ही जिथं गुडघे टेकलेत ना, तिथं आम्ही संगमरवर बसवलाय. पितळी पट्टी मारून. लोक तिथं पाय ठेवत नाहीत."

अक्कांनी फोन ठेवला. "आता तर सांगायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या.

"सगळ्या गावापुढं?"

"सगळ्या गावापुढंच रडवलंय."

मी नको म्हटलं नाही. पण वैशाखातली ती दुपार जवळ यायला लागली तशी मला रात्री झोप लागेना. आधीच्या वर्षी जिवाची काळजी होती, आता त्यांच्या नावाची. एका वाक्यात माणसं उठून जातात. मी बघितलंय.

मंडप खचाखच भरला होता. या वर्षी गाडी घेऊन हेही आले होते, अक्कांचा अरू. गादीच्या पुढ्यात खरंच पांढऱ्या संगमरवराचा चौकोन होता, त्यावर फुलं. अक्कांनी पूर्वरंग सुरू केला. आवाज स्वच्छ होता. निरूपण संपत आलं तशी माझी बोटं पेटीवर ओली झाली. त्यांनी झांजा खाली केल्या.

"एक सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी इथं मला देव भेटला असं तुम्ही मानता. तसं काही झालं नव्हतं. माझ्या पोटात दुखत होतं. खडा अडकून स्वादुपिंड सुजलं होतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. दुखण्यानं वाकले. तुम्ही भाव समजलात आणि मी तो तुमचा गैरसमज घरी घेऊन गेले. दुखणं लपवून ठेवलं. पोट चिरायची वेळ आली होती. म्हणून हा दगड काढा. मी त्या मानाची नाही."

पूर्वरंगानंतर थांबायची रीत आहे. लोक पुढं येतात, कीर्तनकाराला बुक्का लावतात, हार घालतात, मग उत्तररंग. बुक्क्याचं ताट तिथंच होतं. कुणी उठेना. बापूसाहेब मांडीवरच्या पागोट्याकडे बघत बसले होते. मागच्या बाजूला कुणीतरी चपला शोधायला लागलं. अक्का उभ्या होत्या, हात जोडून, बुक्क्यावाचून. मी नुसता षड्ज धरून ठेवला होता, दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. मागं एका तरुण बाईला हाताला धरून ओढत होती. ती बाई पुढं येताना वाकलेलीच चालत होती. म्हातारीनं ताटाकडे बघितलंही नाही.

"ताई, ही आमची सून, रखमा," म्हातारी म्हणाली. ती फार घाबरली होती. "पाडव्यापास्नं अशीच वाकून बसतीया. जेवत न्हाई. सगळी म्हन्ली, हिच्यावर बी किरपा झाली, ताईंवानी. आमी रोज हिची ओटी भरतोय. हिला हळदकुकू लावतोय."

अक्का गादीवरूनच खाली वाकल्या. त्या पोरीच्या कपाळावर कुंकवाचे थरावर थर होते.

"कुठं दुखतं, बाळ?"

पोरीनं छातीखाली हात ठेवला.

"पाठीत जातं?"

ती रडायला लागली. "सासूबाई म्हंत्यात सांगायचं न्हाई, देव कोपंल. पर लई दुखतंय, ताई."

चपला शोधणारा माणूस थांबला होता. अक्का सरळ झाल्या, मंडपाकडे नव्हे, माझ्याकडे वळल्या.

"वैजू, आरतीचा सूर धर."

"पण उत्तररंग…"

"आरती घे. आणि अरूला म्हणावं, गाडी दाराशी लाव. हिला आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला न्यायचंय."

मी सूर धरला. आरती इतक्या घाईत आम्ही कधी म्हटली नसेल. शेवटच्या ओळीला बापूसाहेब उठले, पागोटं डोक्यावर ठेवलं, संगमरवरावर पाय देऊन पुढं आले आणि त्यांनी त्या पोरीला दुसऱ्या बाजूनं आधार दिला.